हिरवी पट्टी

काकूंनी कागदावरचा टेप नखाने हळूच सोडवला. सरांना प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून निवृत्तीची भेट मिळाली होती, पण उघडायचं काम त्यांच्या बायकोचं. कागद फाडणं काकूंच्या जिवावर येई. आतून चौकटीत बसवलेला चंद्राचा नकाशा निघाला, या ध्रुवापासून त्या ध्रुवापर्यंत रंगांनी भरलेला.

"अगंबाई! ही पट्टी हिरवी झाली?" त्या जवळजवळ ओरडल्याच. "अहो, म्हणजे तुमचंच खरं निघालं!"

सरांचं यान चंद्राभोवती फिरत होतं. सूर्य भडकला की त्याचे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर पडत, मातीतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या परीने चमकून उठे. ती चमक यानाने टिपायची आणि नकाशात रंग भरायचा. या एका पट्टीत मॅग्नेशियम, म्हणजे नकाशातला हिरवा रंग, सापडणार असं सर वीस वर्षं सांगत आले होते आणि लोक हसण्यावारी नेत होते. यान नेमकं तिथून जाताना सूर्य दर वेळी ढिम्म. आता इंधन उरलं होतं महिनाभराचं.

सरांनी चष्मा पुसून परत लावला. पट्टीवरून बोट फिरवलं.

"ही कधी मिळाली?"

त्यांची विद्यार्थिनी खाली बघत म्हणाली, "मिळाली नाही, सर. मीच भरली. या भेटीपुरती. मोकळी बघवेना."

सरांचं बोट काही तिथून हलेना. तो रंग त्यांना फार हवा होता.

"छान दिसतेय," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "पण अगं, तिथे अजून काही दिसलेलंच नाही."

काकूंचा चेहरा पडला. वीस वर्षं रोजच्या जेवणात त्यांनी ही पट्टी ऐकली होती. थोड्या वेळाने त्यांनी मांडीवरचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी पांढरी होती.

"कात्री द्या बघू कुणीतरी."

कागदाची तेवढीच पांढरी पट्टी कापून त्या चौकट उघडायला लागल्या, तसे सर म्हणाले, "आत नको. काचेवरूनच लाव. काढायची वेळ आली तर?"

"आणि खाली हिरवं नसलंच, तर?" विद्यार्थिनीने विचारलं.

"तर खरवडत बस," सर म्हणाले. "रंगवलंस तूच, निस्तर तूच."

सगळे हसले. नकाशा तिच्याच टेबलासमोर टांगायला सांगून दोघं निघाली.

बाहेर ऊन कलत होतं. सर पुढे गेले. काकू फाटकाशी थांबल्या, कपाळावर हात आडवा धरून त्यांनी वर पाहिलं आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"भडक की रे एकदा."