ओहायोतला मार खाल्लेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, कपाटाएवढा आणि कुशीला खोक पडलेला. माझा जन्मच डागण्या खाऊन झाला. कारखान्यात तापल्या सळईने माझी एकेक तार जोडली. पुढे ओहायोतल्या एका विद्यापीठात आलो. प्राध्यापकांनी कौतुकाने पाठीवरून हात फिरवला, आणि काम रेंगाळलं की त्यांनीच लाथा घातल्या.

१९८६ साली गुरुदत्त आणि शैलेंद्र हे दोन संशोधक माझ्यावर एकच कोडं सोडवत होते. मालाच्या ट्रकने सगळी शहरं एकेकदा गाठून निघाल्या जागी परतायचं, आणि ही सगळी फेरी सर्वांत जवळच्या वाटेने करायची. ऐकायला सोपं, पण शहरं थोडी वाढली की वाटा इतक्या होतात की माझाही घाम निघतो. शैलेंद्र एखादी बरी वाट धरून ती झटपट सुधारत जाई. पण तीच सर्वांत जवळची आहे की नाही, हे त्याला सांगता येत नसे. गुरुदत्तला नेमका तोच पुरावा हवा होता, की याहून जवळची वाट नाहीच. त्याशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय अमेरिकेत राहणं नाही. शैलेंद्रच्या अंदाजी वाटेकडे तो ढुंकूनही बघत नसे. वेग मंदावतो म्हणून अर्धवट काम साठवूही देत नसे. त्याच्यासाठी कित्येक आठवडे मी एकेक वाट तपासून लांबच्या वाटांची कत्तल करत होतो.

एका दुपारी शैलेंद्रने ते काम बंद पाडलं.

"माझा रन किल केलास?" गुरुदत्त दारातूनच ओरडला.

"मेमरी फुल होती, यार. उद्या माझा डेमो आहे. परत स्टार्ट कर ना," शैलेंद्र म्हणाला.

"परत? सगळं गेलं माझं!"

गुरुदत्तने लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव माझ्या कुशीत बसला, पत्रा फाटला. दुसरा शैलेंद्रच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. शैलेंद्रने डाव्या हाताने गुरुदत्तचे केस धरून त्याचं डोकं माझ्या पत्र्याच्या कडेवर आपटलं. कळफलक रक्ताने भरला. मला किंचाळावंसं वाटत होतं, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

पोलिसांनी गुरुदत्तला बेड्या घालून नेलं, पुढे मायदेशी धाडलं. शैलेंद्रची बोटं पुन्हा नीट वळली नाहीत. मला तळघरात लोटलं.

दोघांचं काम माझ्याच पोटातून गेलं होतं, म्हणून मला ठाऊक आहे. गुरुदत्त इतक्या आठवड्यांनी ज्या वाटेवर पोचला होता, तीच शैलेंद्रला पहिल्या दिवशी सापडली होती. ती सुरुवातीलाच मला दिली असती, तर तिच्याहून लांब जाणाऱ्या साऱ्या वाटा मी पूर्ण न मोजता अर्ध्यातच उडवल्या असत्या आणि पुरावा केव्हाच हाती पडला असता. फार वाईट वाटतं.

यंत्रं जपा, मित्रांनो. पण तुमचं अडलेलं उत्तर शेजारच्याकडे तयार असू शकतं. त्याचा हात मोडण्याआधी त्याला विचारा.