येडशीच्या घाटातली भरारी

धाराशिवच्या बाजारपेठेत त्या दिवशी हलगी कडाडली तेव्हा लोकांना वाटलं, कुणा पुढाऱ्याची मिरवणूक निघाली. दुकानांतून माणसं डोकावली आणि बघतच राहिली. हलगीवाल्यांच्या मागं दोन गाढवं चालली होती, आणि त्या गाढवांना दोरखंडानं जुंपलेली पांढरीशुभ्र ‘भरारी’ मोटार रखडत रखडत येत होती. बोनेटवर झेंडूचा हार. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘भरारी घ्यायची तर आधी गाढवं घ्या’.

स्टिअरिंगवर बसले होते येडशीचे बिभीषण नलावडे. पन्नाशीचा गडी, येडशी-बार्शी मार्गावर प्रवासी नेण्याचा धंदा. रस्त्यावरचे लोक पोट धरधरून हसत होते, मोबाईल वर करून चित्रण करत होते. बिभीषण मात्र हसत नव्हते. शोरूमच्या दारात गाडी थांबली तसे ते खाली उतरले आणि मालक बसवराज यांच्या हातात त्यांनी किल्ली ठेवली.

“घ्या तुमचं धन. आमच्यानं न्हाय झेपत.”

दुपार व्हायच्या आत ते चित्रण चाकणच्या कारखान्यात पोचलं. ‘अग्रणी मोटर्स’ची तिथं बैठक चालू होती. एकेकाळी या कंपनीच्या टेम्पोनं गावोगावचा भाजीपाला वाहिला होता. ‘अग्रणीचा टेम्पो’ म्हणजे डोळे मिटून घ्यावा अशी ख्याती. पण तीन वर्षांपूर्वी कंपनीनं वाजतगाजत ‘भरारी’ आणली आणि नावाला कीड लागली. गाडी उन्हाळ्यात वाटेत बंद पडायची. विक्री आटली होती, कारखान्याच्या आवारात न खपलेल्या गाड्यांवर धूळ साचली होती.

“अब्रुनुकसानीचा दावा ठोका,” जाहिरात विभागाचे साहेब म्हणाले.

टेबलाच्या कडेला बसलेल्या श्रावस्तीनं मान वर केली. ती इंजिन विभागातली; सहाएक महिन्यांपूर्वी तिला गुणवत्ता विभागाची प्रमुख केलं होतं, म्हणजे बुडत्या जहाजाचं सुकाणू हातात दिलं होतं. “दावा कशाचा लावायचा, सर? गाडी बंद पडली हे तर खरंच आहे.”

कंपनीचे तरुण प्रमुख युवराज सर तिच्याकडं वळले. आजोबांनी उभारलेला कारखाना आपल्या हातून बुडणार या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. “मग काय करायचं?”

“मी तिकडचीच आहे, तेरची. जाऊन येते.”

“त्यांना काय सांगणार?”

“सांगणार काही नाही. त्यांच्या गाडीत बसणार.”

तेरला घरी पोचली तर वडील आबाराव अंगणात बसलेले. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म घालवलेला माणूस. उभ्या जिल्ह्यात ओळख. लेकीला पाहून त्यांचा चेहरा फुलला, पण लगेच उतरला. “स्टँडवर जायची सोय न्हाय राहिली बघ. कुणीबी विचारतंय, आबाराव, लेकीची गाडी ढकलाया येता का?”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“म्हणतो, माझी लेक आता लागलीय कामाला. थांबा जरा.”

दुसऱ्या दिवशी तिनं आधी धाराशिव गाठलं. बसवराजांकडून गाडी आणि किल्ली घेतली आणि स्वतः चालवत येडशीला निघाली. रस्त्यात गाडी मुकाट चालली. नलावड्यांच्या दारात ती उभी राहिली तेव्हा बिभीषण बाहेर आले, आणि कंपनीची बाई म्हटल्यावर त्यांचा पारा चढला.

“आता काय पोलीस आणलेत का?”

“नाही, काका. झालं काय ते ऐकायला आले.”

“तीन वर्षं सांगतोय, तवा कुणी ऐकलं? तुमचं एकच पालुपद, माणसं जास्त कोंबता. पासिंगला हायत त्याच्यावर एक माणूस म्या कधी घेतला न्हाय! गाडी घाटात मरती. ओढत धाराशिवला न्यावी तर तिथं टकाटक चालू. मिस्त्री म्हणतो दोष न्हाय. मग मी काय येडा हाय?”

दारातून त्यांची सून दैवशाला पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं तो श्रावस्तीच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, “ताई, त्यांचा राग गाडीवर न्हाय. माझ्यामुळं हाय.” मग तिनं सांगितलं. दिवस भरलेले, घाटाखाली पांगरीला माहेरी होती. कळा सुरू झाल्या म्हणून सासरे न्यायला आले. नाव धाराशिवच्या दवाखान्यात घातलेलं. भर दुपारी घाटात, रामलिंगच्या वळणावर गाडी जी बंद पडली ती पडलीच. शेवटी एक टमाट्याचा टेम्पो थांबला. “क्यारेटवर बसून गेले मी. पोरगी सुखरूप झाली, पण मामंजी त्या दिवसापास्नं नीट जेवले न्हाईत.”

श्रावस्तीनं तांब्या खाली ठेवला. कारखान्यात तिनं या गाडीच्या तक्रारींचे तक्ते पाहिले होते. तक्त्यात बाळंतीण दिसत नाही.

“काका, मला त्याच घाटात न्या. त्याच वेळेला, तेवढीच माणसं घेऊन.”

“बंद पडंल.”

“पडायलाच पाहिजे. त्याशिवाय मला कळणार कसं?”

बिभीषणांनी तिच्याकडून किल्ली घेतली. “बंद पडली तर ढकलायची तुमी.”

“ढकलते.”

दुपारी ऊन नुसतं भाजत होतं. शेजारपाजारची माणसं भरून, घाट उतरून पायथ्यापासून गाडी पुन्हा वर चढू लागली. पुढं उसाचा ट्रॅक्टर रांगत होता, त्याच्यामागं गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. रामलिंगच्या वळणावर वानरं कठड्यावर बसलेली. तिथंच इंजिनानं एक आचका दिला आणि गाडी बंद पडली.

“घ्या!” मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

श्रावस्ती उडी मारून उतरली. चाकांना दगड लावून घेतले, बोनेट उघडलं तशी भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. इंजिन रसरसलेलं, आणि त्याला थंड ठेवणारा पंखा मात्र मेल्यासारखा निपचित. गाडी वेगात असली की वारा लागतो, पंख्यावाचून भागतं. घाटात गाडी रांगते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. ती वायरीचा माग काढत गेली. दोन वायरी जिथं एकमेकींत बसतात तो प्लास्टिकचा कपलर तिनं कापडानं धरला. तापून तो मऊ पडला होता, आतली पकड सैल झाली होती. तिनं तो बोटांनी आवळून दाबला, आणि पंखा भर्रकन फिरायला लागला. सोडला की थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा फिरला.

“सापडलं!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की कठड्यावरची वानरं झाडावर पळाली.

“अहो काका, गाडी ओढत धाराशिवला जाईस्तोवर हा गार होतो. गार झाला की परत घट्ट बसतो. मिस्त्रीला दोष दिसणार कसा? तुम्ही खरं बोलत होता. पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता!”

बिभीषणांनी खांद्यावरचा पंचा काढून तिच्या हातात दिला, तोंड पुसायला. मग गाडी वळणाच्या कडेला, सावलीत घ्यायची होती. श्रावस्तीनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि ढकलायला लागली. पण ती एकटी नव्हती. तिच्या शेजारी खांदा लावून बिभीषणही होते.

खरी चढण कारखान्यात होती. कपलर आधीच्या टेम्पोतल्यापेक्षा हलक्या प्लास्टिकचा घेतला होता, हे उघड झालं. बैठकीत एकानं तोडगा सुचवला: गाडी सर्व्हिसिंगला येईल तेव्हा गुपचूप बदलून टाकू. बोभाटा कशाला?

श्रावस्ती युवराज सरांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. भट्टीत ठेवलेला कपलर चिमट्यानं काढून त्यांच्या पुढ्यात धरला. वायर अलगद निसटून खाली लोंबली.

“सर, गुपचूप बदलायला वर्ष जाईल. तोवर उन्हाळा आहे, घाट आहेत. या एवढ्याशा तुकड्यापायी एक बाई कळा देत टमाट्यांच्या क्यारेटवर बसून दवाखान्यात गेली. सगळ्या गाड्या परत बोलवा. दोष आपला होता असं उघड सांगा, आणि ते तुम्ही स्वतः येऊन सांगा. तोवर नवी गाडी बाहेर पडता कामा नये.”

“लोक म्हणतील, बघा, कबूल केलं.”

“लोक गाढवं जुंपतायत, सर. त्यांना आधीच माहीत आहे. माहीत नसल्याचं सोंग फक्त आपण करतोय.”

युवराज सरांनी ती लोंबती वायर चिमट्यानं परत बसवून पाहिली; ती पुन्हा निसटली. मग ते खाली उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं गाड्या जोडायची चालती लाइन बंद केली. यंत्रांचा आवाज थांबला तशी सगळी शाळा सुटल्यासारखी शांतता पसरली.

तिथून जे सुरू झालं त्यात श्रावस्तीला दिवस पुरेना. लाइनवर जागोजागी दोऱ्या टांगल्या. ज्याला दोष दिसेल त्यानं दोरी ओढायची, लाइन थांबेल, कुणी ओरडणार नाही. पहिल्यांदा दोरी ओढली ती क्षमा नावाच्या मुलीनं, दाराचं रबर वाकडं बसलं म्हणून. ती भीतीनं पांढरी पडली होती. श्रावस्ती धावत गेली आणि सगळ्यांसमोर तिनं टाळ्या वाजवल्या. आधी एकटीच वाजवत होती. मग अख्खी लाइन वाजवू लागली.

वैशाखातच, परत बोलावलेल्या गाड्यांचे कपलर बदलून द्यायला, धाराशिवच्या मैदानावर मांडव पडला. बसवराजांना भीती होती की कुणी येणार नाही, आलेच तर दगड घेऊन येतील. पण सकाळपासून भरारी गाड्यांची रांग लागली. युवराज सर उन्हातच उभे राहिले.

“तुम्ही माणसं जास्त कोंबता म्हणून गाडी बंद पडते, असं आम्ही तुम्हाला सांगत आलो,” ते म्हणाले. “ते खोटं होतं. दोष आमच्या गाडीत होता. मी माफी मागतो.”

मग गर्दी दुभंगली आणि बिभीषण पुढं आले.

“साहेब, माफी झाली. आता परीक्षा द्या. आमची गाडी दुरुस्त करा, आन् उद्या भर दुपारी, भरल्या गाडीनं घाट चढून दाखवा. एकदा न्हाय, लागोपाठ तीनदा. म्या चालवणार.”

युवराज सरांनी श्रावस्तीकडं पाहिलं. तिनं नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी येडशीत बाजार असावा तशी माणसं घाटमाथ्यावर जमली. कुणी छत्र्या आणल्या, कुणी रसवंतीचा गाडाच आणून लावला. गाडीत मागं येडशीची जाडजूड मंडळी मुद्दाम निवडून बसवली होती. पुढच्या सीटवर बसायला मात्र आबाराव स्वतःहून आले. पांढरा सदरा, टोपी, अगदी ड्यूटीवर निघाल्यासारखे. “जय भीम, बिभीषणराव. चला, डबल बेल,” ते म्हणाले आणि दारावर दोनदा थाप मारली.

श्रावस्ती गाडीत बसली नाही. ती माथ्यावर उभी राहिली; आपली धास्ती वडिलांना दिसायला नको होती.

पहिल्या खेपेला गाडी वर आली तेव्हा लोक गप्प होते. दुसऱ्या खेपेला शिट्ट्या झाल्या. तिसऱ्या वेळी गाडी दिसायला उशीर झाला. खाली वळणावर ट्रक अडकला होता, त्याच्यामागं ती उन्हात खोळंबली होती, इंजिन चालू, माणसं भरलेली. “गेली,” कुणीतरी पुटपुटलं. श्रावस्तीनं डोळे मिटले. आणि मग तो आवाज आला, न अडखळता, न कण्हता चढणाऱ्या इंजिनाचा, त्यात मिसळलेली पंख्याची एकसुरी घरघर. वळणावरून पांढरं नाक दिसलं. माथ्यावर एकच गलका उठला. कुणी टोप्या उडवल्या, रसवंतीवाल्यानं घुंगरू बडवून काढले. गाडी थांबायच्या आत आबाराव दार उघडून उतरले आणि लेकीकडं न जाता गर्दीकडं वळून ओरडले, “कोण म्हणत व्हतं ढकलाया या म्हणून? या म्हणावं आता!”

बिभीषण सावकाश उतरले. सगळ्यांदेखत त्यांनी दैवशालाला बोलावून तिची तान्ही लेक हातांवर घेतली आणि गाडीत बसले. “साहेब, आता ही बसंल माझ्या गाडीत,” ते युवराज सरांना म्हणाले. सरांनी पुढं होऊन गाडीचं दार लावून दिलं.

ते चित्रण आधीच्यापेक्षा दुप्पट फिरलं.

पुढच्या उन्हाळ्यात श्रावस्ती धाराशिवला आली तेव्हा बसवराजांच्या शोरूममध्ये बोलायला सवड नव्हती. नव्या भरारीसाठी लोक थांबायला तयार होते. चाकणच्या आवारातली धूळ खाणारी रांग कधीच संपली होती, आणि लाइनवरच्या दोऱ्या ओढायला आता कुणी घाबरत नव्हतं. येडशीच्या फाट्यावर ती चहाला उतरली, तर तिथं भरारींची ओळच लागलेली. टपरीतून बिभीषण हात वर करत आले. तिला वाटलं, कौतुक करतील.

“बरं झालं घावलात! ते हॉर्नचं बघा आधी. शेळीचं शेरडू बेंबाटल्यावानी वाजतोय. येवढी ऐटदार गाडी आन् आवाज असला? लोकं वाट देत न्हाईत, हसत्यात.”

“वाजवा बघू.”

त्यांनी वाजवला. खरोखरच शेरडू. श्रावस्तीला हसू आवरेना, पण हसता हसताच तिनं फोन काढला आणि चाकणला लावला, आता तिच्याच विभागात असलेल्या क्षमाला. “क्षमा, हॉर्नचा आवाज नीट करायचाय. हो, आजच सुरू कर. थांब, वाजवून दाखवते.” आणि तिनं फोन गाडीच्या नाकाशी धरला.

“काका, पुन्हा एकदा, जोरात!”