समजा, एक अधिकारी आहे

राजदूत आयुष्यात कधी कुठल्या देशाचा राजदूत झाला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यानं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर काठी ठेवून पोरांना सगळं जग फिरवून आणलं आणि स्वतः संध्याकाळी भाजी घेऊन घरी आला. पण अभ्यासिकेत पडलेलं नाव, ते काही सुटत नाही. नागरी सेवेची तयारी करणारी ती मंडळी एकमेकांना खऱ्या नावानं हाकच मारत नसत. ज्याला जे व्हायचंय, तेच त्याचं नाव. त्यामुळे बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत रोज सकाळी दोन सचिव, एक आयुक्त आणि एक राजदूत डबे घेऊन यायचे, आणि पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडायचे.

एकीला मात्र पद नव्हतं. तिला सगळे शिस्त म्हणायचे. कुणी कुजबुजलं की मान वर न करता ती पेनानं टेबलावर टकटक करायची, आणि भावी आयुक्तसुद्धा मुकाट पुस्तकात डोकं घालायचे. त्या सगळ्यांतून साहेबाच्या खुर्चीपर्यंत पोचली ती एकटीच.

मध्यंतरी त्या दोन सचिवांपैकी एकाचा फोन आला. हा बिचारा विमा कंपनीतून निवृत्त झाला होता. शुक्रवारी शिस्त रिटायर होतेय म्हणाला, ऑफिसात निरोप समारंभ आहे, आपल्यातलं कुणीतरी जायला हवं. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, तेव्हा तूच जा. राजदूतानं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्याची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. शिस्तीनं लग्न केलंच नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता गेलं पाहिजे, आणि जे तेव्हा विचारता आलं नाही ते आता विचारलं पाहिजे, हे त्याच्या मनानं घेतलं. नाही म्हणाली तर? तर नाही. पण न विचारता मरायचं नाही.

लेकीच्या नजरेतून काय सुटतंय! एका आठवड्यात बाबा दोनदा केस कापून आले म्हटल्यावर तिनं खोदून खोदून विचारलं, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. तिनं त्याचा चांगला शर्ट काढून इस्त्री करायला घेतला.

"आईला हसू आलं असतं," ती म्हणाली. "विचारा बाबा. पण त्यांना शिकवत बसू नका."

आता तेव्हा का विचारलं नाही, ते ऐका. ऐकून कपाळावर हात मारायची वेळ येईल, पण झालं ते असं झालं.

दुपारी चारला अभ्यासिकेतली मंडळी खाली कोपऱ्यावर चहाला उतरायची. काचेचे जाड ग्लास, एक लांब बाकडं, समोर सायकल दुरुस्तीवाला. तिथं त्यांचा एक खेळ चालायचा, ‘समजा’चा. परीक्षेत येतात ना तसले प्रश्न. समजा, एक अधिकारी आहे, पूर आलाय, होडी एकच आहे आणि गावं दोन आहेत, तर त्यानं काय करावं? दुसऱ्यानं चहा संपायच्या आत उत्तर द्यायचं. पर्याय सांगायचे, प्रत्येकाचे गुण सांगायचे, दोष सांगायचे, मग एक निवडायचा. विचारणारा दहापैकी गुण द्यायचा. आणि एक कडक नियम होता, राजदूतानंच केलेला. उत्तर अधिकारी म्हणून द्यायचं, त्यात स्वतःचं काही आणायचं नाही. घरचं, मनातलं, पोटातलं सगळं बाकड्याखाली.

काय दिवस होते ते! खिशात दमडी नसायची आणि तोंडात राज्यकारभार असायचा. एका बन-मस्क्यावर चौघं जण अर्थसंकल्प मांडायचे. चहावाला वैतागून म्हणायचा, साहेब लोक, सरकार नंतर चालवा, आधी ग्लास मोकळे करा. पुढे राजदूताला चांगली नोकरी मिळाली, भली बायको मिळाली, संसार गोडीनं झाला, त्याबद्दल त्याची कसलीही तक्रार नव्हती. तरी शाळेत पेपर तपासताना चार वाजले की जीव त्या बाकड्यावर जाऊन बसायचा.

तर मुख्य परीक्षा तोंडावर आलेली. एके दिवशी बाकीचे कुठं कुठं गेलेले, बाकड्यावर हे दोघंच. वर्षभर जी गोष्ट राजदूतानं मनात दाबून ठेवली होती ती सांगायची याहून चांगली वेळ नव्हती. सरळ सांगायचं ना? पण नाही. अक्कल गहाण ठेवलेली. तो म्हणाला,

"समजा, एक अधिकारी आहे. त्याचं सोबतच्या अधिकारी बाईंवर मन जडलंय. बाईंच्या अंगावर फार मोठं काम आहे. दोघांची बदली कुठं होईल सांगता येत नाही. तर त्यानं काय करावं?"

शिस्तीनं ग्लास खाली ठेवला. जरा वेळ सायकलवाल्याकडं बघितलं. मग रोजच्यासारखं बोटांवर मोजत उत्तर दिलं. पहिला पर्याय, लगेच सांगावं. गुण प्रामाणिकपणा, दोष बाईंच्या कामात व्यत्यय. दुसरा, त्यानं स्वतः बदली मागून घ्यावी. गुण मनाला शांतता, दोष पळपुटेपणा. तिसरा, काम पुरं होईपर्यंत गप्प राहावं. ती म्हणाली, अधिकाऱ्यानं तिसरा निवडावा.

आणि त्यावर या शहाण्या राजदूतानं काय करावं? आठ गुण दिले. वर सांगितलं की तिसऱ्याचे गुणदोष राहिले, म्हणून दोन कापले.

रात्रभर त्यानं त्या उत्तराचा कीस पाडला आणि तिनं आपल्याला शहाणपणानं नाही म्हटलंय, असं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो स्टेशनापलीकडच्या अभ्यासिकेत गेला. घराजवळ पडते, असं सगळ्यांना सांगितलं. म्हणजे तिनं पळपुटेपणा म्हणून बाजूला काढलेला पर्याय पठ्ठ्यानं बरोब्बर उचलला. त्या वर्षी ती पास झाली, तो आपटला. पुढेही आपटतच राहिला, आणि शेवटी शाळेत लागला.

शुक्रवारी राजदूत इस्त्रीचा शर्ट घालून त्या ऑफिसात पोचला. सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर केक, बिस्किटं, आणि माईक मधूनच कुरकुर करणारा. शिस्त पुढं बसली होती. केस पांढरे झालेले, बाकी पाठ तशीच ताठ. तिनं त्याला मागच्या रांगेत बघितलं आणि ओळखीची मान हलवली, एवढंच.

भाषणं झाली. फायली कशा अडकू दिल्या नाहीत, वरच्यांसमोर कशा उभ्या राहिल्या, सगळं रीतसर. मग तिचा पीए उठला. गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. म्हणाला, मॅडमच्या हाताखाली टिकायचं तर एक शब्द गिळून टाकावा लागतो. तो म्हणजे ‘समजा’. कुणी आत येऊन ‘समजा मॅडम, असं झालं तर’ म्हणाला, की मॅडम पेन खाली ठेवणार आणि म्हणणार, समजा नको, काय आहे ते सांगा. जिथं जिथं बदली झाली तिथं हाच कायदा. कशामुळे, ते आम्हाला कधी कळलं नाही.

हॉल खदखदून हसला. शिस्तसुद्धा हसली. राजदूत हसला नाही. कशामुळे, ते त्याला एकट्यालाच कळलं होतं. मागच्या भिंतीला पाठ टेकून तो बसला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं की त्या उत्तराला नकार म्हणणारा तो स्वतःच होता. ती नाही म्हणालीच नव्हती.

गर्दी पांगल्यावर तो तिच्या केबिनमध्ये गेला. ती ड्रॉवर मोकळे करत होती. टेबलावर चष्म्याच्या दोन जुन्या डब्या, गोळ्यांचं पाकीट, छत्री. तो दारातच अडखळला. तिला एकदम मॅडम म्हणाला, तुम्ही कशा आहात म्हणाला.

"मॅडम आत्ताच खाली गेल्या, केक खाऊन," ती म्हणाली. "तू बस."

तो बसला नाही. जन्मभराची खोड, तोंडातून आलंच, "समजा..." आणि तो तिथंच थांबला. तिनं हातातली छत्री खाली ठेवली.

"त्या दिवशी तू अधिकाऱ्याचं विचारलंस," ती म्हणाली. "मी अधिकाऱ्याचं उत्तर दिलं. नियम तुझाच होता. मला वाटलं, उद्या येऊन माझं विचारशील. माझं उत्तर तयार होतं. मी चार वाजता खाली जाऊन बसले. तू आलाच नाहीस. मग कळलं, अभ्यासिका बदललीस. फार राग आला होता मला तुझा. कितीतरी वर्षं येत होता."

राजदूताला खूप काही सांगायचं होतं. माफी मागायची होती, कारणं द्यायची होती, भूगोलाच्या मास्तरासारखं मुळापासून समजावायचं होतं. लेकीचे शब्द आठवले आणि त्यानं सगळं गिळलं.

"मला तू तेव्हा आवडत होतीस," तो म्हणाला. "आत्ताही आवडतेस. मी एकटा आहे. माझ्याशी लग्न करशील?"

केबिनमध्ये पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं. शिस्तीनं टेबलावर दोन्ही हात ठेवले, खुर्चीत मागं टेकली आणि एक बोट वर केलं.

"हे बघ, यात तीन पर्याय दिसतात. पहिला..."

आणि ती थांबली. स्वतःच्या वर केलेल्या बोटाकडं तिनं असं बघितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. मग ती हसायला लागली, तोंडावर हात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं, ते तिलाही कळलं नसावं.

"हो," ती म्हणाली. "करीन. गुणदोष मागाहून बघू."

समोरच्या खुर्चीत, जिथं आजवर लोक अर्ज घेऊन बसत, तिथं राजदूत बसला आणि ढसाढसा रडला. शिपाई किल्ली मागायला दाराशी आला होता. ती त्याला म्हणाली, जरा थांबा, साहेबांचं काम चालू आहे.