चांदणीचे शेवटचे पान

पत्रे सात होती, आणि सातही पत्रांत तेच खोटे होते.

संयोगिताने ती पुन्हा टेबलावर मांडली. ‘चांदणी मेली तेव्हा मी जेवलो नाही,’ असे एका मुलाने लिहिले होते. ‘चांदणीला बर्फात सोडून आजोबा परत कसे आले?’ असे एकीने विचारले होते. पण पुस्तकात चांदणी मरतच नव्हती. निवृत्त सुभेदार नाथाजींच्या त्या छोट्या पुस्तकात चांदणी नावाचे लष्करी खेचर बर्फाचा कडा उतरून छावणीत परतत होते, आणि शेवटच्या पानावर गुळाचा खडा खात होते. मग ही मुले रडली कुणासाठी?

ती साताऱ्यातल्या एका वाचन मंडळाची परीक्षक. तिची सही झाली की पुस्तक सातारा-सांगलीकडच्या दोनशे शाळांच्या ग्रंथालयांत जायचे. यादी उद्या बंद होणार होती. गेल्या वर्षी अशाच गोड पत्रांवर विसंबून तिने एका लेखकाची शिफारस केली होती, आणि ती पत्रे त्याच्याच मुलीने लिहिल्याचे मागाहून उघड झाले. तेव्हापासून कौतुकाचा प्रत्येक शब्द तिला नव्याने रंगवलेल्या भिंतीसारखा वाटे. खाली ओल असणारच.

दुपारी ती न कळवता, पत्रे जिथून आली होती त्या कोरेगावजवळच्या शाळेत पोहोचली. पत्रे पाठवणाऱ्या शिक्षिका अर्शियाबाई वर्गातून बाहेर आल्या, आणि व्हरांड्याच्या पायरीवरून एक ताठ म्हातारा उठला. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचे सुभेदारच! लेखक आधीच हजर. संशयाला आणखी काय हवे?

“ही पत्रं मुलांना कुणी लिहायला सांगितली?”

“कुणीच नाही, मॅडम.” अर्शियाबाईंचा आवाज पडला. “फक्त, पुस्तक यायच्या आधी त्यांनी गोष्ट ऐकली होती.”

“म्हणजे पुस्तक न वाचताच पत्रं?”

सुभेदार खाकरले. “आवं बाई, त्यांच्यावर कशाला तोफ डागताय? गुन्हेगार मी हाय. दर शनवारी येतो, पोरांना गोष्ट सांगतो.”

“मग चांदणी जगली की मेली?”

“मेली. माज्या म्होरं. पाय घसरला तिचा. दोर मीच सोडला. धरून बसलो असतो तर मागची दोन माणसं गेली असती.”

“आणि पुस्तकात खोटं लिहिलंत?”

“तुमीच सांगितलं म्हून!” त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मंडळाची नियमावली. चौथे कलम लाल पेन्सिलीने अधोरेखित होते: ‘शेवट आनंददायी असावा. मृत्यूचे वर्णन नसावे.’ “फौजेतला माणूस मी. हुकूम आला, चांदणी उठून हुबी ऱ्हायली. लय जनावरं बघितली, पर कागदानं उठलेलं पयलंच.”

ते कलम संयोगिताचेच होते. तीन वर्षांपूर्वी, वडिलांचे दिवस नुकतेच झालेले असताना, तिने ते लिहिले होते. पुस्तकात तरी कुणी जाऊ नये, एवढेच तेव्हा वाटले होते.

तरीही संशय पुरता विझेना. “शाळेची प्रत दाखवा.”

“ती जरा खराब झालीय, मॅडम.”

“आणा.”

चोरी पकडल्यागत अर्शियाबाईंनी प्रत आणली. शेवटचे पान जाड लागले. गुळाच्या खड्यावर वहीचा रेघी कागद खळीने चिकटवलेला होता, आणि त्यावर वेडेवाकडे अक्षर: ‘हे पान खोटे आहे. चांदणी आली नाही. आजोबांनी दोर सोडला. मग तिचा गूळ त्यांनी बर्फावर ठेवला.’ खाली सात सह्या.

सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. “हे पोरांना म्या न्हाई सांगितलं करायला.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. कित्येक महिन्यांत ती प्रथमच काही खात्रीने बोलत होती.

व्हरांड्याच्या कठड्यावर कागद टेकून तिने शिफारसपत्र भरले. ‘अटी’च्या रकान्यात लिहिले: ‘शेवटचे पान सोबतच्या प्रतीप्रमाणे छापावे.’ नियमावलीतल्या चौथ्या कलमावर आडवी रेघ ओढली, सही केली आणि पुस्तक पिशवीत ठेवू लागली.

“मॅडम,” अर्शियाबाईंनी देवघेवीची वही पुढे केली, “नेताय तर नोंद करा. तारीख घाला. परत कधी देणार, तेही.”

संयोगिताने मान वर केली. खिडकीच्या गजांमागे मुले दाटीवाटीने उभी होती, आणि त्यांतल्या एकाचाही तिच्यावर विश्वास दिसत नव्हता.