गाडीला अजून वेळ आहे

मी रयाकच्या हॉटेलातलं घड्याळ बोलतोय. ऐकायचं तर ऐका, पण माझ्याकडे बघून आपली घड्याळं लावू नका. तेवढा मूर्खपणा पुष्कळांनी माझ्यासमोर केलाय आणि मला आता त्याचा वीट आलाय.

जन्म माझा व्हिएन्नातला. एका म्हाताऱ्या कारागिरानं अक्रोडाच्या एकाच पेटीत दोन तबकड्या बसवल्या. डावी तुर्की राज्यातल्या वेळेची, उजवी फिरंग्यांच्या. आमच्या इकडे सूर्य बुडाला की बारा वाजतात आणि तिथून पुढचा दिवस सुरू होतो. सूर्य काही रोज एकाच वेळी बुडत नाही, म्हणून डावी तबकडी रोज संध्याकाळी लावावी लागते. उजवीला कुणी बोट लावायचं कारण नाही. आठवड्याला किल्ली दिली की ती बिनचूक चालते. पेटी बंद करताना म्हातारा म्हणाला होता, दोघी खरं बोलतील. भला माणूस होता. त्यानं हॉटेलवाले पाहिले नव्हते.

मला बेरूतच्या बाजारात विकत घेतलं ते ख्वाजा मित्रीनं. ख्वाजा म्हणजे आमच्याकडे शेठजी. तेव्हा फ्रेंच कंपनीची छोटी गाडी बेरूतहून डोंगर चढून रयाकला यायची. अलेप्पोकडे जाणाऱ्याला तिथं उतरून मोठ्या गाडीत बसावं लागे. ती मोठी गाडी दिवसातून एकच, फिरंगी वेळेनं साडेबाराला. चुकली की उद्या. एवढ्या एका गोष्टीच्या जिवावर मित्रीनं आठ खोल्या बांधल्या आणि मला दिवाणखान्यात, बाकाच्या वर, टांगलं.

मित्री उतारू हेरायला स्वतः फलाटावर जायचा. आधी बूट बघायचा, मग ट्रंका, आणि सगळ्यात शेवटी तोंड. माणूस पसंत पडला की उजवा हात छातीवर ठेवून वाकायचा. "या, या. घर तुमचंच समजा. इथं धुळीत कशाला बसता? सावलीत चार घास खा. गाडीला अजून वेळ आहे." आणि वळून आपल्या हमालाला, शाहीनला, हळूच सांगायचा, "तीन नंबरची चादर उलटी करून घाल."

पाहुणेही त्याच लायकीचे. घरी ज्यांना कुणी पाणी विचारत नसेल ते इथं पाय पसरून सूप गार आहे म्हणून ओरडायचे. बालबेकचे पडके खांब बघून आलेले फिरंगी आपणच ते उभे केल्यासारखे बोलायचे. मित्री वाकायचा तेव्हा त्यांना वाटायचं, हा आपल्याला मान देतोय. तो त्यांच्या बुटांचे तळवे किती झिजलेत ते बघत असायचा.

आता त्याची खरी करामत ऐका. रोज सूर्यास्ताला तो स्टुलावर चढायचा आणि डावी तबकडी लावायचा. ते सगळे बघायचे. खोल्या रिकाम्या असल्या की त्याच स्टुलावर, त्याच हातानं, तो उजव्या तबकडीचा काटाही मागं ओढायचा. ते कुणी बघत नसे. कधी दहा मिनिटं, कधी बारा. दुसऱ्या दिवशी पाहुणे माझ्याकडे बघत निवांत जेवायचे, निवांत उठायचे आणि स्टेशनावर पोचेपर्यंत गाडीचा धूरसुद्धा विरलेला असायचा. मग रात्रीचा मुक्काम आलाच.

तुम्ही म्हणाल, पाहुण्यांकडे आपली घड्याळं नव्हती का? होती ना. अलेप्पोचा एक पिस्त्यांचा व्यापारी होता, पोटावर ही जाड सोन्याची साखळी. तो म्हणाला, माझ्या घड्याळात तर सव्वाबारा झालेत. मित्रीनं दयेनं हसून सांगितलं, ख्वाजा, ती बेरूतची वेळ, इथं कंपनीची वेळ वेगळी चालते. त्या शहाण्यानं आपलं खरं घड्याळ काढलं आणि माझ्या खोट्याशी जुळवलं. वर मित्रीचे आभार मानले. तासाभरानं फ्रेंच कंपनीला शिव्या देत परत आला, तेव्हा मित्रीनं त्याला खुर्ची दिली, झाहले गावची अरक, म्हणजे बडीशेपेची दारू, दिली, आणि त्याच्याहून मोठ्या शिव्या दिल्या.

मला दोघांचीही किळस यायची. पण घड्याळाला किळस आली म्हणून काटे थांबत नाहीत. मीही दाखवत राहिलो.

त्या घरात तिरस्कार करता येऊ नये असं एकच माणूस होतं. मित्रीची बायको, वर्दे. ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची ती फक्त डावी तबकडी बघायला. भाकरीची भट्टी, प्रार्थना, दिवेलागण, सगळं तिचं त्या वेळेनं. उजवी तबकडी पाहुण्यांची, तिच्याशी आपला काय संबंध, असं ती धरून चालली होती. गाडी चुकून पाहुणे परत आले की तिला मनापासून वाईट वाटायचं. त्यांच्या ताटात ती एक कुब्बे, खिम्याचा वडा, जास्त वाढायची. चौदा वर्षं ती आपल्या नवऱ्याच्या लबाडीवर अशी माया वाढत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांची एकुलती मुलगी नज्ला होम्सला दिली होती. होम्स त्याच मोठ्या गाडीच्या वाटेवर. नज्लाला पहिल्यांदाच दिवस गेले होते. बाळंतपणाला आई जवळ हवी, असं तिनं सणाला आली तेव्हाच वदवून घेतलं होतं. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते.

त्या आठवड्यात एकही खोली भरली नाही. मित्री चिडलेला होता. एका सूर्यास्ताला तो स्टुलावर चढला आणि त्यानं मला बारा नाही, चांगलं वीस मिनिटं मागं ओढलं. सकाळी शाहीनला घेऊन तो मेंढ्या आणायला झाहलेला गेला. त्या दिवशी फलाटावर पाहुणे हेरायलाही कुणी नव्हतं.

मध्यान्हीच्या थोडं आधी तार आली. तार आणणाऱ्यानंच ती वाचून दाखवली. नज्लाला कळा सुरू झाल्यात, अडली आहे, आईला बोलावते. वर्देनं एवढंच विचारलं, गाडी कितीला? त्यानं सांगितलं, नेहमीची, फिरंगी साडेबाराची, आणि तो दुसऱ्या तारा वाटायला निघून गेला.

तिनं रडण्यात वेळ घालवला नाही. बाळाची दुपटी काढली, बाळंतिणीच्या खिरीसाठी शहाजिरं दळलेलं होतं ते बांधलं, संत्र्याच्या फुलांचं पाणी बाटलीत भरलं. गाठोडं घेऊन माझ्याखालच्या बाकावर येऊन बसली. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या उजव्या तबकडीकडे बघितलं. ते आकडे तिला येत नव्हते. वरच्या आकड्यापासून बोटानं एक एक मोजत तिनं वेळ काढली. स्टेशन दहा मिनिटांच्या वाटेवर. तिचं काहीच चुकलं नाही. हिशेब अगदी बरोबर होता.

मध्येच ती उठली. आत्ताच जावं का, असं तिच्या मनात आलं असावं. मग पुन्हा बसली. फलाटावर हमाल आणि शिपाई, एकट्या बाईनं तिथं ताटकळत बसायचं कसं? आणि मग गाठोड्याशी बोलल्यासारखी ती म्हणाली, "धुळीत कशाला बसायचं? गाडीला अजून वेळ आहे."

मित्रीचं वाक्य. तिच्या तोंडून. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी घाण वाटली तेवढी मित्रीची कधी वाटली नव्हती. बाहेर शिट्टी झाली. पण रयाकच्या यार्डात इंजिनं दिवसभर शिट्ट्या मारतात, कुणी मान वर करत नाही. माझ्यात बारा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा ती उठली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि झपाझप निघाली.

अर्ध्या तासात परत आली. गाठोडं स्टेशनातल्या सांधेवाल्याच्या, जिर्यिसच्या, हातात होतं. 

जिर्यिस सांगत होता की गाडी अगदी वेळेवर सुटली, नज्लाच्या आई, एक मिनिट इकडे नाही की तिकडे. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं वर बघितलं आणि त्याला हसू आलं. मग तिचा चेहरा बघून ते विरलं.

"ख्वाजाचं घड्याळ असंच असतं," तो म्हणाला. "स्टेशनात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला वाटलं, तुम्हालाही असेल."

वर्देनं त्याच्याकडून गाठोडं घेतलं. सूर्यास्तापर्यंत त्याच बाकावर बसून राहिली. मित्री आला तो गुणगुणतच. सवयीनं स्टूल ओढलं, चढला, डावी तबकडी लावली.

"दुसरीही लावा," ती म्हणाली.

"ती कशाला? ती बरोबर आहे."

इतक्या सहज म्हणाला तो. खोटं बोलायला त्याला थांबावंसुद्धा लागलं नाही. तिनं तार त्याच्या हातात दिली. त्यानं ती स्टुलावर उभ्याउभ्याच वाचली, खाली उतरला, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"माझी वाट का नाही बघितलीस?"

"मी गाडीची वाट बघत होते," वर्दे म्हणाली.

मग तो धावत स्टेशनावर गेला, मालगाडी मिळते का बघायला. एरवी ज्या कारकुनांसमोर तो ऐटीत मिशा पिळायचा त्यांच्या हातापाया पडला. मालगाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या गाडीनं वर्दे गेली. नज्ला पहाटेच गेली होती. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे. जन्मलेली मुलगी मात्र जगली.

मित्रीनं मला त्या दिवसापासून खरी वेळ दाखवायला लावली. तुम्हाला वाटेल, पश्चात्ताप झाला. छे. तो पाहुण्यांना बाकावर बसवून मुलीच्या मरणाची हकीकत सांगायचा. सांगताना खरंच रडायचा, तेवढं मी नाकारत नाही. शेवटी डोळे पुसून म्हणायचा, त्या मेल्या फ्रेंच कंपनीनं गाडी वेळेआधी सोडली हो. पाहुणे हळहळायचे, त्याचा हात दाबायचे आणि त्याला सोबत म्हणून एक रात्र राहायचे. खोल्या भरल्या. त्याला आता काटा ओढायची गरजच उरली नाही.

नज्लाच्या मरणाच्या चाळीसाव्या दिवसानंतर वर्दे तिचे कपडे न्यायला आली. दारातच तिनं ती हकीकत ऐकली, एका दमास्कसच्या कुटुंबाला सांगितली जात होती ती. शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकली. मग आत आली, स्टुलावर चढली आणि मला भिंतीवरून उतरवलं. पाहुण्यांसमोर तिनं उजवे काटे फिरवून बारा वाजून दहा मिनिटांवर आणले, त्या बाजूचं चाक थांबवलं आणि तिची किल्ली काढून घेतली.  तिनं मला शालीत गुंडाळलं आणि होम्सची गाडी धरली. त्या दिवशी ती फलाटावर तीन तास आधी जाऊन बसली होती.

आता मी होम्सला, जावयाच्या घरी, वर्देच्या खोलीत आहे. डावी बाजू चालू आहे. नातीचं नावही नज्लाच. ती पाच वर्षांची झाली. सूर्यास्ताला वर्दे तिला स्टुलावर उभं करते आणि तिच्या हातून डावी तबकडी लावून घेते. उजवी का चालत नाही, असं पोरीनं विचारलं तर म्हणते, "ती पाहुण्यांसाठी."

मित्री दर ईस्टरला येतो, मिठाईचा डबा घेऊन. वर्दे दारात उभी राहते, हात छातीवर ठेवते आणि म्हणते, "या, या. घर तुमचंच समजा." त्याला माझ्याखाली बसवते, कॉफी देते. नात कधी शेजारी गेलेली असते, कधी झोपलेली. थोडा वेळ थांबू का, असं त्यानं विचारलं की ती म्हणते, "बसा ना. गाडीला अजून वेळ आहे." मग तो डबा ठेवून उठतो.

यंदा नात घरीच होती. दाराच्या चौकटीला टेकून ती या म्हाताऱ्याला न्याहाळत राहिली. मित्रीनं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही.  मान वर करून तो माझ्याकडे बघायला लागला, डाव्या तबकडीकडे, वेळ किती झाली ते.

"ती आमची आहे," पोरगी म्हणाली. "तुम्ही पाहुणे ना? तुम्ही त्या दुसऱ्या तबकडीत बघा."

त्यानं बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. तो टोपी न घालताच निघाला. टोपी अजून बाकावर पडून आहे.

माझी एकच विनंती आहे. कधी कुणी कनवाळू घड्याळजी या घरी आलाच, तर त्याला डावी बाजू पुसू द्या, तेल घालू द्या. उजवीला हात लावू देऊ नका.