आईच्या तेराव्याची बुंदी

या, जरा पुढं सरकून बसा. बुवा यायला अवकाश आहे, तोवर आमच्या बेलापूरच्या छबूबाईनं सूड कसा घेतला ते सांगते.

छबूबाई माझी भजनातली जोडीदारीण. माहेर राहुरीकडचं. तिची आई साळूबाई वारली, तेव्हा धाकट्या भावानं, आप्पासाहेबानं, हिला कळवलंसुद्धा नाही. तेरावं उरकलं, गावजेवण घातलं आणि आईच्या नावची कालव्याखालची चार एकर आपल्या नावावर करून घेतली. छबूबाई कोर्टात गेली, तर याचं उत्तर काय? "मला एक बहीन हुती, ती लहानपनीच देवीनं गेली. ही बाई कोन, मला ठाऊक न्हाई."

छबूबाईनं शाळा पाहिलेली नाही, जन्माची नोंद नाही. जाणते म्हातारे गेले, उरलेले आप्पासाहेबाच्या पंक्तीला बसणारे. रक्त तपासायचा अर्ज त्यानं हरकती घेऊन दोन वर्षं लोंबकळत ठेवला.

"जमीन गेली खड्ड्यात," छबूबाई म्हणायची. "मी साळूबाईची लेक हाय, हे त्याच्याच तोंडून वदवीन. ते बी सरकारसमोर."

बुवा क्षमेवर बोलू लागले की आम्ही दोघी माना डोलवायचो. पण आप्पासाहेबाचा विषय निघाला, की क्षमा बाहेर चपलांपाशीच राहायची.

पूर्वी कोर्टात साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश त्यातलं सार सांगायचे आणि टायपिस्ट तेवढंच उतरवायचा. यंदा पिंजऱ्यात माईक बसवला. बोललेलं ऐकून संगणकच मराठीत लिहितो, अक्षरं न्यायाधीशांसमोरच्या पडद्यावर उमटतात. मागच्या तारखेला दुसऱ्या खटल्यातले एक आजोबा पुटपुटले, "चष्मा कुठं ठेवला मेला," तर तेही उमटलं. सगळे हसले. छबूबाई हसली नाही. तिनं आपल्या वकील तमन्ना शेख हिला विचारलं, "पुटपुटलेलं बी लिहितं व्हय गं हे?"

"माईकजवळचं सगळं, मावशी. साहेब नंतर चुका दुरुस्त करतात, पण आवाज साठवलेला राहतो."

परतताना एसटीत ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, जप चालला असेल.

आप्पासाहेबाच्या साक्षीचा दिवस आला. कडक इस्त्री, कपाळाला बुक्का. शपथ झाली. तमन्नानं विचारलं, "या बाईंना ओळखता?"

"न्हाई."

न्यायाधीश कागद चाळू लागले. तेवढ्यात पहिल्या बाकावर छबूबाई माझ्याकडं वळली आणि भावाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आईच्या तेराव्याला बुंदी कमी पडली म्हनं. शेवटची पंगत नुसत्या भातावर उठवली."

आप्पासाहेबाच्या मानेची शीर फुगली. दातओठ खात तो बोलला, "अक्के, आईचं तेरावं माझ्यासारखं कोन्या पोरानं केलं न्हाई. तू आलीस का तरी?"

"सांगावा धाडलास व्हय?"

न्यायाधीशांनी आधी छबूबाईला दटावलं, "बाई, मध्ये बोलायचं नाही." मग पडद्याकडं पाहिलं आणि त्याचं वाक्य सावकाश वाचून दाखवलं.

त्याचा वकील उठला. "साहेब, आमच्याकडं कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला अक्का म्हणतात."

"म्हणत असतील. पण अनोळखी बाई आईच्या तेराव्याला आली नाही, म्हणून कोणाला राग येतो का?"

तमन्नानं तोच प्रश्न परत केला. "या कोण?"

आप्पासाहेबानं आपल्या वकिलाकडं पाहिलं. "बहीन," तो म्हणाला. पडद्यावर उमटलं.

छबूबाई हात जोडून उभी राहिली. "साहेब, मला ऐकू आलं न्हाई. परत सांगायला लावा."

लावलं. खोटं कशाला बोलू, देवाच्या नावाइतकंच गोड लागलं मला ते.

बाहेर पायरीवर तो आडवा आला. "अक्का, घरातलं घरात मिटवू."

"घरातलं म्हनून आईचं दुखनं कळवलं हुतंस का मला?" असं म्हणून ती त्याला वळसा घालून निघाली.

निकाल अजून यायचा आहे. पण त्या दिवसानंतर माहेरच्या शेजारणीचं तोंड उघडलं. साळूबाई शेवटचे तीन दिवस विचारत होती, "छबू आली का?" आणि आप्पासाहेब सांगत होता, "वाटंत हाय."

माझं मागणं एवढंच. देवापुढं हात जोडाल तेव्हा साळूबाईला आठवा. दाराकडं बघत गेली ती.