पोटातून डोक्यात परतलेलं हाड

मी नितेशच्या कवटीचा तुकडा बोलतोय. असेन तळहाताएवढा. नाहूरला त्याची स्कूटर घसरली, मेंदूला सूज आली, तेव्हा डॉक्टरांनी मला कापून काढलं आणि त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलं. डोक्याचं हाड आणि मुक्काम पोटात! पण तिथे ऊब होती, माझं बरं चाललं होतं.

वर माझ्या जागी खळगा पडला होता. नितेशची बायको मानसी रोज सकाळी त्यावर अलगद हात ठेवायची. खळगा खोल लागला, म्हणजे आत सूज नाही, की तिचा जीव भांड्यात पडायचा. फुगलेला वाटला की लगेच डॉक्टरांना फोन.

मग मला परत जागेवर बसवलं. डोकं गोल झालं. एकेकाळी गिरणीत असलेल्या धाकूंनी, म्हणजे नितेशच्या वडिलांनी, देवापुढे नारळ ठेवून मालवणीत गाऱ्हाणं घातलं. सगळे 'होय महाराजा' म्हणाले. मानसीचा हात मात्र त्या दिवसापासून थांबला. खळगाच नाही, तर बघायचं काय?

आणि आत पाणी तुंबू लागलं. मी टणक, फुगणार कसा? बाहेरून सगळं छान दिसायचं, आतून मी घाबरून गेलो होतो. नितेश पाय घासत चालायचा, ताटावर पेंगायचा. धाकू म्हणायचे, बसून बसून आळस भरलाय. नकळत लघवी होऊन त्याचे कपडेही ओले व्हायचे. सासऱ्यांसमोर नवऱ्याची लाज जाऊ नये म्हणून मानसी ते गुपचूप धुवायची. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, तर सासऱ्यांकडे बघून म्हणाली, सगळं ठीक आहे. मला ओरडावंसं वाटलं, पण हाडाला तोंड कुठलं?

आज सकाळी नितेशने तिलाच विचारलं, "तुम्ही कोण?"

तशीच ती त्याला घेऊन हॉस्पिटलात आली. धाकू अशक्तपणाचं सांगू लागले, तर तिने त्यांना अडवलं. "बाबा, थांबा जरा. डॉक्टर, यांचे कपडे रोज ओले होतात. मी लपवलं."

 धाकू म्हणाले, "माका तरी सांगूक होया होता गो."

स्कॅनमध्ये पाणी दिसलं. ते पोटात उतरवायला आता कातडीखालून डोक्यापासून पोटापर्यंत नळी घालणार आहेत. वेळेत झालं तर चाल सुधारेल, ओळखही परत येईल म्हणतात. त्या 'तर'ने माझा थरकाप होतोय.

माणसांनो, गोल डोक्यावर विसंबू नका. माणूस चालतो कसा ते बघा, आणि ओले कपडे डॉक्टरांपासून लपवू नका.

स्ट्रेचर दाराशी आलंय. मानसीचा हात पुन्हा माझ्यावर आहे. धाकू हात जोडून गाऱ्हाणं पुटपुटतायत. माझं गाऱ्हाणं त्या पोटालाच आहे: मला सांभाळलंस, तसं हे पाणीही पोटात घे.

"होय महाराजा," मानसी म्हणाली, आणि दार बंद झालं.